बिल्ट-इन फंक्शनचं नाव व्हेरिएबलला दिलं तर नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्युपिटर नोटबुकमध्ये गुणांची बेरीज करताना ‘सम = ०’ असं लिहिलं, लूप चालवला, उत्तर बरोबर आलं. मग खालच्या सेलमध्ये पायथनचं तयार ‘सम’ फंक्शन वापरायला गेलं, तर ‘टाइपएरर: इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’. वरची ओळ बदलून ‘टोटल = ०’ केली, तो सेल पुन्हा चालवला, तरी एरर तशीच. असं का? आणि हे नाव वापरणं चूक असेल तर पायथन आधीच अडवत का नाही?

आधी सुटका करून घ्या. रिकाम्या सेलमध्ये ‘डेल सम’ लिहा आणि चालवा. किंवा कर्नल, म्हणजे नोटबुकच्या मागे कोड चालवणारी प्रोसेस, रीस्टार्ट करा. दोन्हींनी काम होतं, पण मी ‘डेल’ करून बघायला सांगेन, कारण त्यातून आत काय चाललंय ते कळतं. तुम्ही ‘सम’ पुसून टाकलंत आणि लगेच मूळ ‘सम’ कामाला लागलं. म्हणजे ते कुठे गेलेलंच नव्हतं. फक्त तुमच्या आकड्याच्या मागे झाकलं गेलं होतं. तीच ओळ पुन्हा चालवलीत तर मात्र ‘नेमएरर’ येईल, कारण आता पुसण्यासारखं तुमचं काही उरलेलं नाही, आणि साधं ‘डेल’ मूळ फंक्शनपर्यंत पोचतच नाही.

‘सम’, ‘लेन’, ‘मॅक्स’, ‘लिस्ट’ हे ‘इफ’ किंवा ‘फॉर’सारखे कीवर्ड नाहीत. ‘इफ = ५’ लिहिलंत तर पायथन प्रोग्राम सुरूच करणार नाही, सिंटॅक्सएरर देईल. ‘सम’ मात्र साधं नाव आहे, ‘बिल्टइन्स’ नावाच्या एका मॉड्यूलमध्ये ठेवलेलं. कुठलंही नाव दिसलं की पायथन ते आधी चालू फंक्शनच्या आत शोधतो, मग त्या फंक्शनला वेढणारं दुसरं फंक्शन असेल तर त्यात, मग फाइलच्या किंवा नोटबुकच्या पातळीवर, आणि तिथेही सापडलं नाही तरच ‘बिल्टइन्स’मध्ये. वाड्यात ‘अहो काका’ अशी हाक मारली की जो जवळ असेल तो ओ देतो, तसंच. तुमचं ‘सम = ०’ तिसऱ्या पातळीवर बसलं, मूळ ‘सम’ चौथ्या. जवळच्याने ओ दिली. तो निघाला आकडा, आणि आकड्यापुढे कंस उघडून त्याला फंक्शनसारखं चालवता येत नाही. एरर शब्दशः तेवढंच सांगते आहे.

मग ओळ बदलूनही एरर का राहिली? कारण नोटबुकमधला सेल म्हणजे निव्वळ मजकूर. तो पाठवला जातो कर्नलकडे, आणि कर्नल ही सतत चालू असलेली प्रोसेस आहे. एकदा ‘सम’ हे नाव शून्याशी बांधलं गेलं की सेलमधला मजकूर बदलला, अख्खा सेल उडवला, तरी कर्नलच्या स्मृतीतली गाठ सुटत नाही. साध्या फाइलमध्ये हीच चूक केली असती तर दुरुस्ती करून प्रोग्राम पुन्हा चालवताच सगळं नव्याने सुरू झालं असतं. म्हणूनच ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ आणि ‘माझ्याकडे चालतं, मित्राकडे चालत नाही’ या तक्रारी नोटबुकवाल्यांकडून जास्त येतात. शंका आली की सेलमध्ये नुसतं ‘सम’ लिहून चालवून बघा. ‘फंक्शन सम’ असं काही छापलं तर ठीक, आकडा छापला तर चोर सापडला.

या एररचा एक लबाड अवतार लूपमध्ये भेटतो. ‘इनपुट = इनपुट()’ ही ओळ ‘व्हाइल’च्या आत टाका. पहिल्या फेरीत ती झकास चालते. दुसऱ्या फेरीत ‘स्ट्र ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’, कारण पहिल्या फेरीतच तुम्ही टाइप केलेला मजकूर त्या नावावर जाऊन बसला. नवशिका माणूस मग दुसऱ्यांदा काय टाइप केलं त्यात चूक शोधत बसतो. ‘नॉट कॉलेबल’ दिसलं की कंसाच्या डावीकडचं नाव बघायचं, आणि ते नाव याआधी कुठे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आलंय का ते शोधायचं. दहापैकी नऊ वेळा तिथेच मिळतं.

फंक्शनच्या आत मामला आणखी वेगळा. समजा तुम्ही फंक्शनमध्ये ‘मॅक्स = मॅक्स(गुण)’ लिहिलंत. फाइलच्या पातळीवर हीच ओळ एकदा तरी चालली असती. फंक्शनमध्ये ती एकदाही चालत नाही, ‘अनबाउंडलोकलएरर’ येते. कारण फंक्शनच्या आत कुठली नावं स्थानिक आहेत हे पायथन ते फंक्शन चालवण्याआधी, कोडचं भाषांतर करतानाच ठरवून टाकतो. फंक्शनमध्ये कुठेही ‘मॅक्स’ला किंमत दिलेली दिसली की त्या संपूर्ण फंक्शनपुरतं ‘मॅक्स’ स्थानिक. मग उजवीकडचं ‘मॅक्स’ शोधताना तो बाहेर बघतच नाही, आणि आत अजून काही ठेवलेलं नाही. किंमत देणारी ओळ वीस ओळी खाली, एखाद्या ‘इफ’मध्ये दडलेली असली तरी हेच होतं. या एररचा मजकूर ३.११ आवृत्तीपासून बदलला आहे, त्यामुळे जुनं उत्तर शोधून मजकूर जुळवायला जाल तर जुळणार नाही. कारण मात्र तेच.

इथपर्यंतचे सगळे प्रकार बोंबलणारे आहेत. प्रोग्राम थांबतो, लाल अक्षरं येतात, तुम्ही शिव्या घालता, दुरुस्त करता. मला भीती वाटते ती गप्प राहणाऱ्यांची. तिथे झाकणारी वस्तूसुद्धा फंक्शनच असते, त्यामुळे कंस उघडला तर काही बिघडत नाही. फक्त उत्तर चुकतं.

‘फ्रॉम नमपाय इम्पोर्ट *’ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. या एका ओळीने नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची ‘सम’, ‘ऑल’, ‘एनी’ ही फंक्शनं पायथनच्या फंक्शनांवर येऊन बसतात, तुम्ही एकही नाव स्वतः टाइप न करता. आता विद्यार्थी सगळ्या विषयांत पास आहे का हे बघायला नेहमीसारखं लिहा:

इफ ऑल(ग >= ३५ फॉर ग इन गुण): प्रिंट("पास")

पायथनचं ‘ऑल’ कंसातल्या जनरेटरमधून, म्हणजे मागेल तशी एकेक किंमत देणाऱ्या वस्तूतून, एकेक किंमत काढून तपासतं. नमपायचं ‘ऑल’ ॲरेसाठी बनवलेलं आहे. त्याला जनरेटर दिला तर ते तो उलगडत नाही, एक अखंड वस्तू समजतं आणि ती वस्तू खरी की खोटी एवढंच बघतं. आणि पायथनमध्ये जनरेटर ही वस्तू ‘इफ’समोर नेहमी खरीच धरली जाते. म्हणजे गणितात १२ गुण असलेला मुलगाही पास. एरर नाही, काही नाही. निकालपत्रकं छापून बाहेर पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही.

‘सम’चंही तसंच. ‘सम(रेंज(५), -१)’ यात पायथनच्या लेखी दुसरी किंमत म्हणजे बेरीज कुठून सुरू करायची ते, म्हणून उत्तर ९. नमपायच्या लेखी ती म्हणजे कुठल्या अक्षावर बेरीज करायची ते, म्हणून उत्तर १०. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘ओएस’ मॉड्यूलमधलं सगळं तारांकित इम्पोर्टने आणलं तर ‘ओपन’ झाकलं जातं, आणि याचा इशारा पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्येच दिलेला आहे. त्या बाबतीत निदान एरर तरी येते, कारण ‘ओएस’च्या ‘ओपन’ला जास्तीची एक किंमत लागते. तारांकित इम्पोर्ट वर्गातल्या फळ्यावर ठीक आहे. टिकवायच्या कोडमध्ये मी तो ठेवू देत नाही, त्यावर वादही घालत नाही.

पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी याच घराण्यातला आणखी एक. एक्सेलमधून आलेल्या तक्त्यात ‘साइज’ नावाचा कॉलम आहे, कपड्यांचे माप म्हणा. तुम्ही ‘डीएफ.साइज’ लिहिलंत तर कॉलम मिळत नाही, तक्त्यात एकूण किती घरं आहेत तो आकडा मिळतो, कारण डेटाफ्रेमचं, म्हणजे पांडाजच्या तक्त्याचं, स्वतःचं ‘साइज’ आधी बघितलं जातं. ‘काउंट’, ‘रँक’, ‘मीन’ या नावांचे कॉलमही असेच हरवतात. चौकोनी कंसात अवतरणचिन्हं देऊन कॉलम मागितला की प्रश्नच मिटतो. टिंब देऊन लिहिण्यात चार अक्षरं वाचतात, तेवढ्यासाठी ही जोखीम घेऊ नये.

फाइलच्या नावाची टक्करही याच पंगतीतली, आणि नव्या मुलांना ती हमखास भेटते. रँडम आकडे काढायचा सराव करायचा म्हणून फाइलला नाव दिलं ‘रँडम डॉट पाय’. आत पहिली ओळ ‘इम्पोर्ट रँडम’. पायथन मॉड्यूल शोधताना स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी बघतो, त्यामुळे तुमची फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करते आणि मग ‘रँडइंट’ सापडत नाही म्हणून रडते. त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या, निरपराध स्क्रिप्टलाही ही फाइल बाधते. तिने नुसतं ‘टेम्पफाइल’ इम्पोर्ट केलं तरी ते आतून ‘रँडम’ मागतं, आणि त्याच्या हाती तुमची फाइल येते. २०२४ साली आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून एररमध्येच ‘फाइलचं नाव बदलून बघा’ असा सल्ला छापून येतो. ‘सीएसव्ही’, ‘टर्टल’, ‘ईमेल’, ‘कॅलेंडर’ ही नावंही टाळा. गंमत म्हणजे ‘टाइम डॉट पाय’ने असं काही होत नाही, कारण ‘टाइम’ आणि ‘सिस’ ही मॉड्यूलं इंटरप्रिटरमध्येच भरलेली असतात आणि ती फोल्डरच्या आधी सापडतात. पण मग तुमचीच ‘टाइम’ फाइल तुम्हाला कधी इम्पोर्ट करता येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पायथन अडवत का नाही?

कारण अडवायचं म्हटलं तर ही सगळी नावं कीवर्ड करावी लागतील. पायथनमध्ये बिल्ट-इन फंक्शनं ७० च्या आसपास आहेत आणि त्यांत ‘आयडी’, ‘टाइप’, ‘फिल्टर’, ‘फॉरमॅट’, ‘हॅश’, ‘रेंज’, ‘नेक्स्ट’ असली रोजच्या वापरातली नावं आहेत. ती सगळ्यांसाठी कायमची बंद करणं परवडणारं नाही. त्याहून मोठी अडचण पुढच्या काळाची. उद्या भाषेने नवं फंक्शन आणलं तर त्या नावाने आजवर लिहिलेला सगळा कोड एका रात्रीत मोडेल. आजच्या व्यवस्थेत तो मोडत नाही, कारण तुमचं नाव जवळच्या पातळीवर असतं आणि नवं बिल्ट-इन मागे राहतं. झाकण्याची मुभा म्हणजे खरं तर जुन्या कोडला दिलेलं संरक्षण आहे.

ती मुभा काढून घेतली की काय होतं याचा अनुभव पायथनने २०१८ मध्ये घेतला. ३.७ आवृत्तीत ‘असिंक’ हा पूर्ण कीवर्ड झाला. अनेक लायब्ररींमध्ये ‘असिंक’ नावाचे पॅरामीटर होते. अशी लायब्ररी इम्पोर्ट करतानाच सिंटॅक्सएरर येऊ लागली आणि लेखकांना धावपळ करून नावं बदलावी लागली. पुढे २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ आणि ‘केस’ आणताना शहाणपण दाखवलं. ते ‘सॉफ्ट’ कीवर्ड केले, म्हणजे विशिष्ट जागी आले तरच कीवर्ड, एरवी साधी नावं. नाहीतर रेग्युलर एक्स्प्रेशनचं ‘मॅच’ वापरणारा जगभरचा कोड कोसळला असता.

जावास्क्रिप्टमध्ये तर भाषेलाच माघार घ्यावी लागली. ॲरेच्या आत ॲरे असतील तर ते सपाट करणारी मेथड आणायची होती, नाव ठरलं होतं ‘फ्लॅटन’. २०१८ मध्ये ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि मूटूल्स ही जुनी लायब्ररी वापरणारी साइट मोडली. मूटूल्स स्वतःची ‘फ्लॅटन’ ॲरेवर चिकटवत असे आणि मग ‘फॉर-इन’ लूपने आपल्या सगळ्या मेथड दुसरीकडे कॉपी करत असे. ब्राउझरची अस्सल ‘फ्लॅटन’ आधीच हजर असली की तिच्यावर लिहिलेली मूटूल्सची मेथडही त्या लूपला दिसेनाशी होई. वेब मोडायचं नाही हा तिथला दंडक, म्हणून चर्चेअंती नाव ‘फ्लॅट’ झालं आणि २०१९ च्या मानकात तसंच आलं. थट्टेत सुचवलेलं एक पर्यायी नाव ‘स्मूश’ होतं. ते मात्र टळलं.

सी भाषेत असलं झाकणंबिकणं फारसं चालत नाही, कंपायलर सरळ हटकतो. केर्निघन आणि रिची यांच्या सीच्या पुस्तकात सुरुवातीलाच ‘गेटलाइन’ नावाचं फंक्शन लिहायला शिकवलं आहे. ते जसंच्या तसं लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला दिलं तर ‘कन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर गेटलाइन’ अशी एरर येते. पुस्तकात चूक नाही. त्याच नावाचं, वेगळ्या पॅरामीटरचं फंक्शन पॉझिक्स या युनिक्स-घराण्यातल्या सिस्टिमांच्या २००८ च्या मानकात आलं आणि तेव्हापासून हेडर फाइलमध्ये जाऊन बसलं. नाव बदला किंवा कंपायलरला जुनं मानक पाळायला सांगा. सी++ मध्ये स्पर्धांसाठी कोड लिहिणाऱ्यांना ‘वाय१’चा किस्सा माहीत असेलच: दोन बिंदूंचे निर्देशांक म्हणून ‘एक्स१, वाय१’ ग्लोबल घेतले की गणिताच्या हेडरशी भांडण, कारण ‘वाय१’ हे तिथे बेसेल फंक्शन आहे. तेच ‘मेन’च्या आत घ्या, भांडण नाही.

मॅटलॅब या बाबतीत सर्वांत घातकी. तिथे फंक्शन चालवायला आणि ॲरेमधला घटक काढायला एकच गोल कंस. ‘सम = १०’ लिहून पुढे ‘सम(१)’ म्हटलंत तर एरर नाहीच, पहिला घटक म्हणून १० मिळतो. ‘क्लिअर सम’ हा तिथला उतारा. उलट आर भाषा समजूतदार: ‘सी’ नावात ५ ठेवा आणि तरीही ‘सी(१, २)’ चालवा, ते चालतं, कारण कंस दिसला की आर फक्त फंक्शन असलेलंच नाव शोधतो.

एवढं वाचून प्रत्येक ठिकाणी ‘आयडी’ आणि ‘टाइप’ला घाबरायला लागू नका. ‘विद्यार्थी.आयडी’ लिहिण्यात काहीच गैर नाही. ते टिंबानंतरचं नाव आहे, ते मोकळ्या नावांच्या शोधात येतच नाही. पॅरामीटरला असं नाव देणंही कधी योग्य असतं. पायथनच्याच ‘सबप्रोसेस’मधल्या ‘रन’ला ‘इनपुट’ नावाचा पॅरामीटर आहे, कारण वापरणाऱ्याला तेच नाव सहज कळतं. अट एवढीच की त्या फंक्शनच्या आत मूळ ‘इनपुट’ची गरज नसावी. क्लासमध्ये ‘लिस्ट’ नावाची मेथड लिहिणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. त्याच क्लासमध्ये खाली दुसऱ्या मेथडच्या टाइप हिंटमध्ये, म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या नोंदीत, ‘लिस्ट’ लिहिलंत तर ती तुमची मेथड धरली जाते, पायथनची नाही.

फाइलच्या पातळीवर आणि नोटबुकमध्ये मी कुणालाच सूट देत नाही, कारण तिथलं नाव खालच्या प्रत्येक ओळीला आणि प्रत्येक फंक्शनला दिसतं. शेवटी अंडरस्कोर जोडून ‘सम_’ करण्याची पद्धत आहे, पण ती पळवाट आहे. कशाची बेरीज ते नावात येऊ द्या. एडिटरकडे डोळे उघडे ठेवा. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये बिल्ट-इन नाव जांभळं दिसतं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जांभळं काही दिसलं की हात थांबवायचा. कोड तपासणारा पायलिंट ‘रिडिफाइन्ड-बिल्टइन’ असा इशारा आपणहून देतो. रफ हा दुसरा तपासनीस वापरत असाल तर त्यातला याच तपासणीचा ‘ए’ गट सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावा लागतो.

मराठी नावं देऊन हा त्रास कायमचा संपेल का, असंही कुणी विचारेल. पायथन ३ मध्ये ‘बेरीज = ०’ देवनागरीत लिहिलेलं खरोखर चालतं, आणि सगळी बिल्ट-इन नावं रोमन लिपीत असल्यामुळे टक्कर अशक्यच. घरच्या सरावाला बिनधास्त वापरा. फक्त ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा ‘र’ जपून टाइप करा. काही कीबोर्ड तो उमटवताना झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह मध्ये घालतात, आणि पायथन त्यावर ‘इन्व्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+२००डी’ अशी एरर देतो. पडद्यावर शब्द बरोबर दिसत असतो, आणि ती ओळ पुसून दुसऱ्या कीबोर्डने पुन्हा टाइप केल्याशिवाय एरर जात नाही.